उजवी लेन जाऊन परत येण्यासाठी: नागपूरहून पहिल्यांदा महामार्गावर गाडी काढताना

माझा भाचा सक्करदऱ्याला राहतो. गाडी शिकला ती मोटर ट्रेनिंग स्कूलच्या डबल ब्रेकच्या गाडीत, मानेवाडा चौक ते रेशीमबाग, फार तर मेडिकल चौकापर्यंत. लायसन्स हाती आलं, जुनी पण चांगली गाडी मिळाली आणि पंधरा दिवसांत म्हणाला, "मामा, समृद्धीनं शिर्डीला जाऊन येतो." मी म्हटलं, आधी वर्ध्यापर्यंत चल, मी शेजारी बसतो. समृद्धी जिथून सुरू होतो त्या शिवमडक्याहून वर चढल्याबरोबर त्यानं गाडी सरळ दुभाजकाच्या कडेला नेली आणि तिथंच ठेवली. डावीकडे घे म्हटलं तर म्हणाला, "रिकामी आहे न मामा ही लेन, मंग काऊन सोडू?"

प्रश्न अगदी प्रामाणिक होता. गावात रिकामी जागा दिसली की गाडी घालायची, हेच आपण शिकलेलो असतो. महामार्गावर उजवी लेन रिकामी दिसते, कारण ती रिकामी ठेवायची असते. पुढची गाडी ओलांडायची असेल तेवढ्यापुरतं तिथं जायचं आणि काम झालं की डावीकडे परत यायचं. ॲम्ब्युलन्सला वाट तिथूनच मिळते. पुढे अपघात झाला तर क्रेन आणि पोलिसांची गाडीही तिथूनच निघते. त्या दिवशी भाच्याला वाटेत जे सांगत गेलो, तेच इथे क्रमानं लिहितो आहे.

आधी रस्ता ओळखा

नागपूरहून निघणारे मोठे रस्ते दिसायला सारखे असले तरी वागायला सारखे नाहीत. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ हे दोन्ही आपल्या नागपुरातून जातात. एक जबलपूर आणि हिंगणघाटच्या दिशेनं, दुसरा भंडारा आणि अमरावतीच्या दिशेनं. या रस्त्यांवर मध्ये दुभाजक आहे, पण गावंही आहेत. दुभाजकाला कट आहेत, बसथांबे आहेत, ट्रॅक्टर-ट्रॉली आहेत, शेतातून घरी निघालेली बैलबंडी आहे, आणि एक किलोमीटरचा फेरा वाचवायला उलट दिशेनं येणारी मोटरसायकल आहे.

समृद्धी महामार्ग वेगळा. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन लेन. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. दुचाकी आणि तीनचाकीला तिथं प्रवेश नाही. चढायचं-उतरायचं ते फक्त इंटरचेंजवरून. मधे चौक नाही, सिग्नल नाही, दुभाजकाला कट नाही.

हा फरक मी मुद्दाम आधी सांगतो, कारण लेनबद्दलच्या बहुतेक वाईट सवयींचं मूळ यातच आहे. ट्रकवाले उजवी लेन धरून का बसतात, असा संताप सगळ्यांना येतो. पण जुन्या चौपदरी रस्त्यावर डावी लेन पकडून चाला, म्हणजे कळेल. दर दोन किलोमीटरवर काहीतरी आडवं येतं. धाब्यासमोर ट्रक उभे, काळीपिवळी प्रवासी भरते आहे, समोरून उलटी येणारी दुचाकी. भरलेला ट्रक एकदा थांबला की पुन्हा वेग घ्यायला वेळ आणि डिझेल दोन्ही लागतं. म्हणून ड्रायव्हर उजवीकडे सरकतो आणि तिथंच राहतो. तिथं त्या सवयीला निदान कारण आहे. समृद्धीवर मात्र डावीकडे ना गाव ना थांबा, तरी सवय तीच राहते. कारवालेही तेच करतात. तुम्ही नवीन आहात, तुमच्या हाताला अजून कोणतीच सवय लागलेली नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी

टायर बघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काँक्रीटचा रस्ता दिवसभर तापलेला असतो. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि म्हणून जास्त तापतो. गावात ३० च्या वेगानं जो टायर वर्षभर टिकला, तो १०० च्या वेगानं दोन तासांत फुटू शकतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. पंपावरचा मुलगा अंदाजानं सांगतो, त्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुन्या रबराला भेगा पडतात. तसा टायर घेऊन समृद्धीवर चढू नका, भलेही प्रवास आठवडाभर पुढे ढकलावा लागो.

आरसे नीट लावा. गावात बहुतेकांच्या आरशात स्वतःचीच गाडी अर्धी दिसत असते. आरसा इतका बाहेर फिरवा की आपल्या गाडीचा मागचा कोपरा जेमतेम दिसेल. त्यानं शेजारच्या लेनमधला न दिसणारा तुकडा बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का तेही बघून ठेवा. समृद्धीवर टोल अंतराप्रमाणे, बाहेर पडताना कापला जातो. रक्कम मोठी असते आणि बूथवर गाडी अडली की मागे रांग लागते.

तीन रविवार सरावाचे

थेट शिर्डी नको. पहिल्या रविवारी सकाळी सहा-सातला आउटर रिंग रोडवर या. रहदारी कमी असते. इथं एकच शिकायचं: लेनच्या मधोमध गाडी ठेवणं. नवीन माणूस बोनेटच्या पुढची जमीन बघत चालवतो आणि गाडी सतत डोलत राहते. नजर लांब टाका, दोनशे-तीनशे मीटर पुढे, गाडी आपोआप सरळ राहते. दोन लेनमधली तुटक पांढरी रेघ चाकाखाली घेऊन चालणारे खूप दिसतील. त्यांना दोन्ही लेन हातात असाव्यात असं वाटतं. मागच्याला मात्र हा कुठे वळणार हेच कळत नाही.

रेघांचं थोडक्यात: तुटक रेघ ओलांडता येते, सलग रेघ ओलांडायची नाही. डाव्या काठाची सलग पांढरी रेघ म्हणजे रस्ता संपून शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, सुरू झाला. दुभाजकाच्या बाजूची रेघ पिवळी असते. रॅम्प, म्हणजे महामार्गावर चढायचा-उतरायचा जोडरस्ता, फुटतो तिथला तिरप्या पट्ट्यांचा त्रिकोण म्हणजे जिथं गाडीचं चाक कधीच जायला नको अशी जागा.

दुसऱ्या रविवारी वर्धा रोडनं बुटीबोरीच्या पुढे, जाम गावापर्यंत जा. इथं ट्रक भेटतील, ओव्हरटेक शिकता येईल. तिसऱ्या रविवारी शिवमडक्याहून समृद्धीवर चढा, वर्ध्याजवळ येळाकेळीला उतरा, चहा घ्या आणि परत या. या तिन्ही दिवशी शेजारी कोणीतरी अनुभवी माणूस असू द्या. तो बोलणारा असावा, ओरडणारा नसावा.

रॅम्पवरून चढताना

रॅम्प संपतो तिथं महामार्गाला समांतर एक जास्तीची पट्टी काही अंतर चालते. ती वेग घेण्यासाठी आहे. नवीन माणूस तिच्या सुरुवातीला भीतीनं थांबतो, आणि सगळ्यात धोक्याचं तेच. थांबलात तर शून्यावरून निघून १०० च्या प्रवाहात शिरावं लागतं. म्हणून रॅम्पचं वळण संपताच उजवा इंडिकेटर द्या, वेग वाढवत न्या, उजव्या आरशात पाहून जागा हेरा आणि ज्या गाडीच्या मागे शिरायचं तिच्या वेगाला येऊनच आत या. आधीपासून महामार्गावर असलेल्या गाड्यांचा हक्क पहिला.

आत आल्यावर सगळ्यात डाव्या लेनमध्येच थोडा वेळ राहा. एकाच दमात तीन लेन कापून उजवीकडे जाणारे रोज दिसतात. मधल्या लेनमधला ट्रक आणि उजवीकडची भरधाव गाडी या दोघांचा अंदाज एकाच नजरेत कोणालाही येत नाही. एक लेन, मग इंडिकेटर बंद, गाडी स्थिर, पुन्हा आरसा, मग पुढची लेन.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. तुम्ही डाव्या लेनमध्ये आहात, पुढे इंटरचेंज आहे आणि कोणी चढतंय. मधली लेन मोकळी असेल तर तेवढ्यापुरतं मधे सरका. कोणी सक्ती केलेली नाही, पण पहिल्यांदा चढणाऱ्यासाठी याहून मोठी मदत नाही.

कोणत्या लेनमध्ये राहायचं

तीन लेन असतील तर सोपं आहे. डावी जड आणि सावकाश वाहनांची, मधली तुमच्यासारख्या एका लयीत चालणाऱ्या कारची, उजवी ओव्हरटेकची. समृद्धीवर कारला १२० ची, मालवाहू वाहनांना ८० ची मर्यादा आहे. म्हणजे डाव्या लेनमधल्या ट्रकांमागे अडकून राहायचं कारण नाही, तुमचं घर मधल्या लेनमध्ये. डावी लेन लांबवर मोकळी असेल आणि तुम्ही ८०-९० नं चालला असाल तर डावीकडेच चाला. १२० ही मर्यादा आहे, तेवढ्यानं गेलंच पाहिजे असं नाही. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर १२० नं गेलात तर चार तास वीस मिनिटं आणि १०० नं गेलात तर पाच तास बारा मिनिटं. पाऊण-एक तासाचा फरक. नवीन असताना तो तास खुशाल द्या.

"मी मर्यादेनं, १२० नं चाललोय, मग उजव्या लेनमध्ये राहिलो तर बिघडलं कुठं?" हेही पुष्कळ जण विचारतात. बिघडतं असं, की मागून येणारा मर्यादा मोडत असेल तर त्याला अडवणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी कॅमेरे आहेत, पोलीस आहेत. तुम्ही अडलात की तो डावीकडून घुसतो, दोन ट्रकांच्या मधून निघतो, आणि जो अपघात एकट्याचा झाला असता त्यात आणखी तिघं सापडतात.

चौपदरी रस्त्यावर, म्हणजे एका बाजूला दोनच लेन असतील तिथं, हिशेब थोडा बदलतो. मूळ जागा डावीच. पण नजर फार लांब ठेवावी लागते. गावाची पाटी दिसली, पानठेला दिसला, बसथांब्यावर माणसं दिसली की एक्सिलरेटरवरून पाय उचला. डावीकडे अडथळा असेल तर शेवटच्या क्षणी हिसका देऊन नव्हे, लवकर, आरसा पाहून उजवीकडे सरका आणि पुढे मोकळं झालं की परत या. आणि एक ध्यानात ठेवा: इथं उजवी लेनही निर्धास्त नसते. दुभाजकाच्या कटपाशी यू-टर्न घेणारा ट्रॅक्टर थांबतो तो उजव्या लेनमध्येच. संध्याकाळी, मागचा दिवा नसलेली ट्रॉली, ९० नं येणारी कार. भंडारा रोडवर मी स्वतः अशा एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो आहे. त्या दिवशी मी ओव्हरटेक करत नव्हतो, नुसता उजवीकडे चाललो होतो. डावीकडे असतो तर ती ट्रॉली माझ्या वाटेतच नव्हती.

ओव्हरटेक: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

ओव्हरटेक उजव्या बाजूनं करायचा. क्रम असा: आधी मधला आरसा, मग उजवा आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून उजवीकडे एक झटकी नजर, आणि मगच स्टिअरिंग. ती शेवटची नजर का? आरसा कितीही नीट लावला तरी दरवाज्याच्या मागचा एक कोपरा त्यात येत नाही आणि एक अख्खी मोटरसायकल त्या कोपऱ्यात मावते. जामच्या अलीकडे माझ्या बाबतीत हेच झालं होतं. आरशात काही नव्हतं, मी वळायला लागलो आणि हॉर्न कानाशी वाजला. तो दुचाकीवाला सावध होता म्हणून वाचला.

इंडिकेटर दिल्यावर तीन-चार वेळा लुकलुकू द्या, मग सरका. वळता वळता दिलेल्या इंडिकेटरचा मागच्याला उपयोग नाही.

आता ओव्हरटेकला किती जागा लागते ते बघू. ट्रक ८० नं चाललाय, तुम्ही १०० नं. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या ४५ मीटर मागून सुरुवात केली, ट्रकची लांबी १२ मीटर, तुमची चार, आणि पुढे गेल्यावर पुन्हा ४५ मीटर सोडून लेनमध्ये यायचं. मिळून १०६ मीटर. साडेपाचनं भागा, साधारण १९ सेकंद. तेवढ्या वेळात तुम्ही रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरहून जास्त गेलेले असता. म्हणून उजवीकडे जाण्यापूर्वी मागे आणि पुढे दोन्हीकडे खूप लांबचं पाहायचं. तुम्ही ८० वर असताना बाहेर निघालात आणि मागून एक कार १२० नं, १०० मीटरवर असेल, तर ती नऊ सेकंदांत तुमच्या डिकीला टेकेल. तिला जाऊ द्या, मग निघा.

उजव्या लेनमध्ये गेल्यावर रेंगाळू नका. ट्रकच्या शेजारी, त्याच्या चाकांच्या बरोबरीनं चालत राहणं फार वाईट. त्याच्या केबिनमधून तुम्ही दिसत नाही, त्याचा टायर फुटला तर रबराचा मारा थेट तुमच्या काचेवर येतो. कापसाच्या दिवसांत हिंगणघाटकडे जाणारे ट्रक तर बाजूनं फुगलेले असतात, माल लेनच्या बाहेर आलेला असतो. त्यांच्या बाजूनं जाताना पुढे मोकळं आहे याची खात्री करून एका दमात निघा.

परत डावीकडे कधी यायचं? मधल्या आरशात मागच्या ट्रकचा पूर्ण चेहरा, दोन्ही हेडलाइटसकट, दिसायला लागला की. त्याआधी नाही. भरलेला ट्रक तुमच्याइतक्या चटकन थांबू शकत नाही. त्याच्या नाकासमोर शिरून ब्रेक लावणं हा लेन बदलण्याचा सर्वात महागडा प्रकार आहे.

आणि पुढे दोन ट्रक समांतर चाललेले दिसले, एक ८० नं, दुसरा ७५ नं, तर तो ओव्हरटेक संपायला पाऊण मिनिट आणि जवळपास एक किलोमीटर लागतो. हॉर्न वाजवून तो लवकर संपत नाही. मागे अंतर ठेवून चाला.

कोणी उजवी लेन सोडतच नसेल तर

हा रोजचा प्रसंग. पुढची गाडी ८० नं उजव्या लेनमध्ये, डावीकडे जागा असूनही हलत नाही. आधी मागे योग्य अंतरावर राहून थोडं थांबा. त्यानं आरशात पाहायला हवं. मग एकदा-दोनदा डिपर द्या, दिवसा लागलं तर एक छोटा हॉर्न. बहुतेक जण एवढ्यावर बाजूला होतात. नाही झाला तर त्याच्या मागे चिकटू नका. लोकं इथंच चुकतात, रागानं दहा मीटरवर येऊन डिपर मारत बसतात.

डावीकडून ओव्हरटेक करू नये, हेच मी भाच्याला सांगितलं आणि हेच सांगतो. समोरचा ड्रायव्हर तुम्हाला उजवीकडून अपेक्षित धरतो, डाव्या आरशात तो क्वचितच पाहतो. नेमका तुम्ही शेजारी असताना त्याला सुबुद्धी सुचते आणि तो डावीकडे येतो. तीन पदरी रस्त्यावर प्रत्येक लेन आपापल्या गतीनं चालली असेल आणि मधल्या लेनमधून जाता जाता तुम्ही उजवीकडच्या गाडीच्या पुढे निघालात, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हाही त्याच्या बाजूनं जाताना हात हॉर्नवर आणि लक्ष त्याच्या पुढच्या चाकावर ठेवा. गाडी वळण्याआधी चाक वळतं.

मागून कोणी तुम्हाला डिपर देत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, वेगही वाढवू नका. ओव्हरटेक चालू असेल तर तो शांतपणे पूर्ण करा, डावीकडे जागा मिळताच इंडिकेटर देऊन बाजूला व्हा.

इंडिकेटर आणि डिपरच्या भाषेत एक गोंधळ आहे, तो नवीन माणसाला माहीत असायला हवा. जुन्या दुपदरी रस्त्यांवर ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन 'समोर मोकळं आहे, ये पुढे' असं सांगायचा. तोच इंडिकेटर 'मी उजवीकडे येतोय' असंही सांगतो. बहुपदरी रस्त्यावर नेहमी दुसरा अर्थ धरा. डिपरचंही तसंच, आपल्याकडे समोरच्यानं डिपर दिला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'थांब, मी येतोय' असा असतो, 'तू जा' असा नव्हे.

अंतर

पुढची गाडी एखाद्या खांबापाशी, पुलापाशी पोचली की मनात म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. 'तीन' म्हणण्याआधी तुम्ही तिथं पोचलात तर फार जवळ आहात. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, १२० ला ३३. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद गेलेलाच असतो. पाऊस असेल तर हेच मोजणं दुप्पट करा. तुम्ही अंतर सोडलं की कोणीतरी मधे येऊन शिरेल. शिरू द्या, पुन्हा थोडं मागे व्हा. आमच्या नागपूरकरांना हे सगळ्यात जड जातं हे मला ठाऊक आहे, कारण वर्धमाननगरच्या सिग्नलला आपण बोटभर जागा सोडत नाही.

उतरताना, आणि उतरायचं राहून गेलं तर

बाहेर पडण्याची पाटी दोन किलोमीटर आधीपासून दिसायला लागते. पहिल्या पाटीलाच डाव्या लेनमध्ये या. वेग महामार्गावर कमी करू नका. रॅम्पच्या पट्टीत शिरा आणि मग कमी करा.

रॅम्पच्या तोंडाशी आल्यावर आठवलं तर काय? सरळ जा. पुढचा इंटरचेंज वीस-तीस किलोमीटरवर असेल, असू दे. तिथं उतरा, फिरून या. रिव्हर्स घेणं, शोल्डरवरून उलटं येणं, तिरप्या पट्ट्यांवर थांबून नकाशा पाहणं, यातलं काहीच करायचं नाही. उलट दिशेनं गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीस किलोमीटरचं पेट्रोल त्याहून स्वस्त आहे. जीव तर मोजायलाच नको.

थांबावं लागलं तर

शोल्डर ही लेन नाही, चहाची जागा नाही, फोटोची नाही, लहान मुलाला उतरवायचीही नाही. लघवीसाठी, फोनसाठी, पोहे खाण्यासाठी पेट्रोल पंप किंवा विश्रांतीची जागा गाठा. गाडीच बंद पडली तर जमेल तितकं डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर ठेवा, आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे नेऊन उभं करा. गाडीत बसून मदतीची वाट पाहू नका. उभ्या वाहनावर मागून येऊन आदळणं हा मोकळ्या रस्त्यावरचा फार घातक अपघात आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. फोन करताना बाजूच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.

चारही इंडिकेटर लावून पावसात चालणारे खूप आहेत. तसं करू नका. सगळेच लुकलुकत असले की तुम्ही लेन बदलताय हे सांगायला काही उरतच नाही. पावसात हेडलाइट लावा, वेग उतरवा.

रात्र, झोप आणि रोही

नवीन असाल तर पहिले काही महिने रात्री महामार्गावर जाऊच नका, हे मी हात जोडून सांगतो. डिप केलेल्या हेडलाइटमध्ये नीट दिसतं ते साधारण ५०-६० मीटर. १०० च्या वेगात त्यातले ४० मीटर तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतात. मागचे दिवे नसलेला ट्रक, रस्ता ओलांडणारी रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर, सगळं त्या उरलेल्या तुकड्यात दिसतं. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात जनावरांसाठी महामार्गाखालून रस्ते काढले आहेत, पण कापसा-तुरीच्या शेतातली रोही तिथपर्यंत जात नाही, ती समोर दिसेल तिथून ओलांडते.

झोपेचं वेगळं. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, वळण नाही, खड्डा नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू बसलेला असतो. समृद्धी सुरू झाल्यावर 'महामार्ग संमोहन' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत वारंवार यायला लागला, तो यासाठीच. मागचे पाच किलोमीटर आठवत नसतील, गाडी नकळत लेनच्या रेघेवर जात असेल, तर ती झोपेची पहिली खूण. खिडकी उघडून, गाणं मोठं करून ती जात नाही. दर दीड-दोन तासांनी उतरा, चाला. झोप आलीच असेल तर विश्रांतीच्या जागी वीस मिनिटं झोपा. दुपारी भरपेट वांग्याचं भरीत-भाकरी खाऊन लगेच स्टिअरिंगवर बसू नका.

परत शिवमडक्याला उतरल्यावर

हे कोणी सांगत नाही म्हणून शेवटी लिहितो. दोन तास १०० नं चालून तुम्ही खाली उतरता तेव्हा ६० चा वेग तीससारखा वाटतो. डोळ्यांना सवय लागलेली असते. वर्धा रोडला लागलात की स्कूटर, ऑटो, शहर बस, रस्ता ओलांडणारी कॉलेजची मुलं. पहिली दहा मिनिटं अंदाजावर जाऊ नका, स्पीडोमीटरचा काटा बघून चालवा. इथं डावा काठ दुचाकींचा आहे, डावीकडे वळायचं असेल तर तिथं आरशात पुन्हा पुन्हा पाहा.

भाचा त्या दिवशी परतीच्या वाटेवर मधल्या लेनमध्ये चालत होता. एक ट्रक ओलांडला, आरशात त्याचे दोन्ही दिवे दिसेपर्यंत थांबला, डावीकडे आला. मागून एक पांढरी गाडी उजवीकडून भर्रकन निघून गेली. त्यानं काही विचारलं नाही. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसलो.